आगीची वर्दी

शहरांत कोठें आग लागली म्हणजे रस्त्यावरील माणसाच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो धांवता लाल बंब, आणि कानांत शिरतो तो त्याच्या घंटेचा व भोंग्याचा आवाज. लोकांच्या मनांत अग्निशमन दलाचें चित्र तेथूनच सुरू होतें. उंच शिडी, पाण्याचा फवारा, धुरांतून बाहेर येणारा जवान या गोष्टी सर्वांस दिसतात. परंतु बंबाचें चाक हलण्यापूर्वीं एक काम पार पडलेलें असतें, आणि तें फारसें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. कोणीतरी आग पाहिलेली असते. त्यानें ती बातमी कोठेंतरी पोंचविलेली असते. आणि तेथें बसलेल्या माणसानें ती ऐकून, नीट समजून घेऊन, कोणत्या ठाण्यावरून किती बंब पाठवावयाचे याचा निर्णय केलेला असतो. अग्निशमन दलाच्या भाषेंत या बातमीला 'वर्दी' म्हणतात. वर्दी चुकली तर उत्तमांतला उत्तम बंबहि चुकीच्या गल्लींत जाऊन उभा राहतो.

या वर्दीला इतकें महत्त्व कां, हें समजण्यासाठीं आगीची वाढ कशी होते तें पाहिलें पाहिजे. खोलीच्या एका कोपऱ्यांत लागलेली आग आरंभीं लहान असते. तिचा उष्ण धूर वर चढून छताखालीं सांचतो. त्या थराची उष्णता खालच्या सर्व वस्तूंवर पडूं लागते, आणि एका क्षणीं खोलींतील सारें सामान जवळजवळ एकदमच पेट घेतें. त्यानंतर त्या खोलींत मनुष्य जिवंत राहण्याची आशा उरत नाहीं. अमेरिकेंतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेनें एक उद्बोधक प्रयोग केला आहे. दोन सारख्या खोल्या सजवून त्यांना आग लावण्यांत आली. एकींत लांकूड व कापूस यांचें जुन्या पद्धतीचें सामान होतें, दुसरींत फोम व कृत्रिम धागे यांचें आजच्या घरांतून आढळणारें सामान होतें. जुन्या सामानाच्या खोलीला ही अवस्था येण्यास जवळजवळ अर्धा तास लागला. नव्या सामानाची खोली ५ मिनिटांच्या आंतच तेथवर पोंचली.

आपल्या देशांतील स्थायी अग्निशमन सल्लागार समितीनें शहरी भागांत वर्दीनंतर ५ ते ७ मिनिटांत बंब आगीच्या जागीं पोंचावा अशी शिफारस केलेली आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचें प्रमाण याहून बारकाईचें आहे: ठाण्यांत सूचना मिळाल्यावर पोषाख करून निघण्यास ८० सेकंद आणि रस्त्यावरील प्रवासास २४० सेकंद. हे आंकडे व वरील प्रयोग शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. बोलण्यांत एक मिनिट वायां गेलें तर बंबाच्या सबंध प्रवासाच्या वेळेचा चौथा भाग खर्चीं पडला. हा तोटा पुढें वेगानें गाडी हांकून भरून काढतां येत नाहीं. कारण शहरांतील रस्ते कोणाच्या इच्छेप्रमाणें मोकळे होत नसतात.

तारायंत्र निघण्यापूर्वीं आगीची बातमी पायानें किंवा घोड्यावरून जाई. मोठमोठ्या शहरांत उंच मनोऱ्यांवर पहारेकरी बसवीत. धूर दिसला कीं घंटा वाजे आणि लोक त्या दिशेनें धांवत. दिशा कळे, पण घर कळत नसे. मुंबईंत हें सारें काम प्रथम पोलिसांकडे होतें. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें आगीपासून शहराचें रक्षण करण्याची जबाबदारी नगरपालिकेवर आली.

वर्दीच्या शास्त्राचा खरा आरंभ १८५२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत झाला असें म्हणतां येईल. विल्यम चॅनिंग नांवाचे डॉक्टर आणि मोझेस फार्मर नांवाचे यंत्रज्ञ या दोघांनीं, मोर्सच्या पहिल्या सार्वजनिक तारेनंतर अवघ्या आठ वर्षांनीं, तीच विद्युत्‌शक्ति आगीच्या बातमीसाठीं राबविली. शहरांतील रस्त्यांवर लोखंडी पेट्या बसविण्यांत आल्या व त्या सर्व तारेनें एका मध्यवर्ती कचेरीला जोडल्या. प्रत्येक पेटींत एक दांतेरी चाक असे आणि त्याचे दांते त्या पेटीच्या क्रमांकाप्रमाणें कापलेले असत. चाक फिरलें कीं प्रवाह तितक्या वेळां तुटे व जुळे, आणि कचेरींत तितके ठोके पडत. ठोके मोजणाऱ्याला कोणत्या रस्त्यावरून कोणी हांक मारली हें तत्काळ कळे, आणि तो तारेच्याच साहाय्यानें शहरांतील घंटांना तो क्रमांक वाजवावयास लावी.

या योजनेंतील एक लहानशी अडचण पुढील सर्व इतिहासाला लागू पडणारी आहे. आरंभींच्या पेट्यांतील चाक हातानें फिरवावें लागे. घाबरलेला मनुष्य दांडा भराभर फिरवी, ठोके एकमेकांत मिसळत, आणि कचेरींतील माणसाला कांहींच बोध होत नसे. म्हणून पुढें स्प्रिंगची पेटी आली. हुक एकदां ओढून सोडला कीं चाक आपल्या ठराविक गतीनें फिरे. ओढणाऱ्याचा हात कांपत असला तरी ठोके कांपत नसत. वर्दी देणारा मनुष्य भ्यालेला असणार हें गृहीत धरूनच सारी व्यवस्था आंखली पाहिजे, हा धडा त्या स्प्रिंगनें प्रथम शिकविला.

पेटीचा मोठा गुण असा कीं तिला पत्ता चुकत नाहीं. ती जेथें आहे तेथूनच बोलते. परंतु तिला एकच वाक्य येतें: 'येथें या.' काय जळत आहे, तें किती मोठें आहे, आंत माणसें आहेत कीं नाहींत, यांतलें कांहींच तिला सांगतां येत नाहीं. मग किती बंब पाठवावयाचे? यावर अग्निशमन दलांनीं जो तोड काढला तो आजहि सर्व जगांत चालू आहे. शहराचा प्रत्येक भाग आधींच तपासून, तेथें वर्दी आल्यास कोणत्या ठाण्यांतून काय निघेल हें शांतपणें, आग नसतांना, ठरवून ठेवावयाचें. वस्तीच्या भागाला दोन पंप, गिरणीला अधिक, उंच इमारतीला शिडी, इस्पितळाला आणखी निराळी तयारी. अशा रीतीनें ऐन वेळचा विचार अगोदरच करून ठेवलेला असतो. वर्दी घेणाऱ्यानें केवळ जागा ओळखावयाची. कुमक आपोआप ठरते.

पुढें टेलिफोन आला. पेटीला जें सांगतां येत नव्हतें तें सर्व टेलिफोनवरून सांगतां येऊं लागलें; परंतु पेटीला जें कधीं चुकत नव्हतें तेंच, म्हणजे पत्ता, टेलिफोनवर चुकूं लागलें. शिवाय मध्यें एक तिसरें माणूस आलें: एक्स्चेंजमधील ऑपरेटर. त्याच्यासमोर व्यापाऱ्याचा भाव विचारणारा टेलिफोन व घर जळत असलेल्या माणसाचा टेलिफोन सारखाच दिसे, सारखाच वाजे.

याचा भयंकर परिणाम लंडनमध्यें १९३५ च्या नोव्हेंबर महिन्यांत दिसला. विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनीं आग पाहून एक्स्चेंजला टेलिफोन केला, परंतु त्यांच्या हांकेला वेळेवर उत्तर मिळालें नाहीं. त्या आगींत पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. या गृहस्थांनीं 'टाइम्स' पत्राला पत्र लिहून ही हकीकत जाहीर केली. चौकशीसाठीं समिति नेमण्यांत आली. आणि ३० जून १९३७ रोजीं लंडनमध्यें ९९९ हा संकटाचा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरवितांच एक्स्चेंजमध्यें लाल दिवा लागे व भोंगा वाजे. आतां ऑपरेटरला सर्व हांकांतून ही हांक वेगळी ओळखतां येऊं लागली. पहिल्या आठवड्यांत अशा १,३३६ हांका आल्या, आणि त्यांपैकीं ९१ निव्वळ थट्टेखोरांच्या होत्या. खोट्या वर्दीचा रोग खऱ्या वर्दीइतकाच जुना आहे.

९ हाच आंकडा कां निवडला याचें कारण मोठें मनोरंजक आहे. जुन्या तबकडीच्या टेलिफोनवर जो आंकडा फिरवावा तितक्या वेळां तारेंतील प्रवाह तुटत असे. १ फिरविला कीं एकदां. वाऱ्यानें दोन तारा एकमेकींना लागल्या तरीहि प्रवाह असाच तुटे. म्हणून १११ हा क्रमांक कोणीहि न फिरवितां आपोआप लागण्याचा संभव होता. ० हा ऑपरेटरसाठीं राखलेला होता. ९ चें भोंक ० च्या लगत, तबकडीच्या कडेशीं असे. त्यामुळें धुरांत किंवा अंधारांतहि तें बोटानें चाचपून सांपडे. शिवाय सार्वजनिक टेलिफोनांत पैसे न टाकतां ० लावण्याची जी सोय होती ती थोड्या फेरफारानें ९ लाहि देतां आली. न्यूझीलंडमध्यें मात्र १११ हाच संकटाचा क्रमांक आहे. आणि त्यांत विसंगति नाहीं. तेथील तबकडीवर आंकडे उलट्या क्रमानें असत, त्यामुळें तेथें १ फिरविला तरी तारेंतील प्रवाह ९ वेळांच तुटे.

पेटी आणि टेलिफोन या दोन साधनांच्या मधल्या फटींत काय घडूं शकतें याचें उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टायकिन' नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत कापसाच्या हजारों गासड्या आणि सुमारें १,४०० टन स्फोटक माल होता. अशा जहाजावर धोक्याचें लाल निशाण असावयास पाहिजे, तें नव्हतें. भर दुपारीं जहाजांतून निघणारा धूर आजूबाजूच्या कांहीं लोकांनीं पाहिला होता. परंतु ज्याच्या त्याच्या मनांत, हें जहाजावरच्या लोकांना ठाऊक असेलच, अशी समजूत असावी. कोणीहि वर्दी दिली नाहीं.

अखेर आग जहाजावर उघडकीस आली व धक्क्यावरील अग्निशमनाची लहान तुकडी कामास लागली. आंत स्फोटकें आहेत हें कळतांच तुकडीच्या प्रमुखानें आपल्या दुय्यमास टेलिफोनकडे पिटाळलें. मुंबईच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाला, आग गंभीर आहे असें सांगणारा विशिष्ट संकेत त्यानें द्यावयाचा होता. परंतु जो टेलिफोन हाताशीं आला त्याला तबकडीच नव्हती. तो उचलून थोडें थांबल्यास ऑपरेटर बोलला असता व जोडणी मिळाली असती. गडबडींत तें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यानें धांवत जाऊन आगीच्या पेटीची कांच फोडली. पेटीनें आपलें काम चोख केलें: तिनें जागा कळविली. नियंत्रण कक्षानेंहि आपलें काम चोख केलें: पेटीच्या वर्दीला ठरलेले दोन पंप त्यानें सव्वादोनच्या सुमारास रवाना केले. शेंकडों टन स्फोटकांनीं भरलेल्या जहाजासाठीं दोन पंप निघाले, आणि तरीहि नियमाप्रमाणें कोणाचीच चूक झालेली नव्हती. पंपांबरोबर आलेल्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर खरा प्रकार कळला, व मग अधिक कुमक मागविण्यांत आली.

चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. शेंकडों माणसें मेलीं, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दिवसांत नाहींसे झाले. त्या थोड्या मिनिटांच्या विलंबामुळेंच हा अनर्थ झाला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जहाज बुडवावें कीं बाहेर ओढून न्यावें, याचा निर्णय करणारा एकमुखी अधिकार त्या ठिकाणीं कोणाकडेच नव्हता, आणि हें कारण त्याहून मोठें होतें. तरी पण बातमी होती, ती देणारा होता, ती ऐकणाराहि तयार होता; आणि तिच्यांतला अत्यंत महत्त्वाचा शब्द, 'स्फोटकें', तेवढाच वाटेंत गळला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. आजहि आपल्या देशांत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ.

आतां आजच्या नियंत्रण कक्षांत काय चालतें तें पाहूं. मुंबईंत अग्निशमन दलासाठीं १०१ हा क्रमांक आहे. वर्दी घेणारा कर्मचारी आवाज ऐकतांच पहिला प्रश्न विचारतो तो 'कोठें?' हा. घाबरलेल्या माणसाला वाटतें कीं प्रथम आपली सारी हकीकत सांगावी: स्वयंपाकघरांत काय झालें, सिलिंडर कधीं बदलला, शेजारी कसे धांवून आले. ऐकणारा ती हकीकत मध्येंच तोडतो आणि पुनः पत्त्यावर येतो. हें वागणें तुसडेपणाचें वाटतें, परंतु त्यामागें साधा हिशेब आहे. बोलतां बोलतां टेलिफोन तुटला, आणि पत्ता तेवढा कळलेला असला, तर बंब निघूं शकतो. बाकी सर्व कळलें आणि पत्ता राहिला तर कांहींच करतां येत नाहीं. पत्त्यानंतर टेलिफोनचा क्रमांक, मग काय जळत आहे, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलें आहे काय, असा क्रम असतो.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं हे सर्व प्रश्न संपल्यावर बंब सुटतो. सुव्यवस्थित कक्षांत तसें होत नाहीं. पत्ता व आगीचें स्वरूप एवढें कळलें कीं ठाण्याकडे सूचना जाते. पुढील प्रश्नोत्तरें चालू असतांना जवान पोषाख चढवीत असतात, आणि नवी माहिती त्यांना वाटेंत बिनतारी संदेशानें मिळते. म्हणून मोठ्या कक्षांत कामाची वांटणी असते. एक जण टेलिफोनवरील माणसाशीं बोलतो, दुसरा बंबांशीं. पहिल्याचे कान नागरिकाकडे, दुसऱ्याचे जवानांकडे. दोन्ही कामें एकानेंच करावयाचीं म्हटलें तर जिकडे आवाज मोठा तिकडेच लक्ष जातें.

बंब निघाला म्हणजे कक्षाचें काम संपलें असेंहि नाहीं. एखाद्या ठाण्याचे सर्व बंब एका आगीवर गेले तर तो भाग उघडा पडतो. म्हणून दुसऱ्या ठाण्याची गाडी तेथें आणून उभी करावी लागते. जागेवर प्रथम पोंचलेला अधिकारी आपल्या डोळ्यांनीं पाहून पहिला संदेश देतो, आणि आगीचें मोजमाप तेथून नव्यानें होतें. मुंबईंत हें मोजमाप 'लेव्हल'च्या चढत्या क्रमांकानें सांगतात. वृत्तपत्रांत 'लेव्हल तीनची आग' असे शब्द येतात ते यामुळें. प्रत्येक पायरीबरोबर किती बंब, कोणते अधिकारी, पाण्याच्या किती गाड्या यावयाच्या हें पूर्वींच ठरलेलें असतें. पोलीस, रुग्णवाहिका, वीज कंपनी, गॅस कंपनी यांना कळविणें हेंहि कक्षाचेंच काम. आणि या साऱ्याची वेळ नोंदली जाते, कारण पुढें चौकशी झाली तर स्मरणशक्तीपेक्षां नोंद अधिक विश्वसनीय ठरते.

मोठ्या आगीच्या वेळीं आणखी एक अडचण उभी राहते. एकाच धुराची वर्दी चहूं बाजूंनीं अनेक लोक देतात आणि प्रत्येक जण आपापल्या खिडकींतून दिसेल तो पत्ता सांगतो. या साऱ्या हांका एकाच आगीच्या आहेत, कीं त्यांत एखादी दुसऱ्याच आगीची आहे? 'ठाऊक आहे, बंब निघाले' असें म्हणून टेलिफोन ठेवला, आणि ती हांक खरोखर निराळ्या घराची असली, तर त्या घराकडे कोणीच जाणार नाहीं. म्हणून शेवटच्या माणसालाहि पहिल्याइतक्याच शांतपणें 'कोठें?' हें विचारावें लागतें.

पत्त्याचा प्रश्न आपल्या शहरांतून विशेष कठीण आहे. मुंबईंत शिवाजी नगर एक नाहीं, अनेक आहेत. रस्त्याला पाटीवर एक नांव आणि लोकांच्या तोंडीं दुसरें नांव असतें. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटलें तर ज्याला उमगत नाहीं, त्याला लॅमिंग्टन रोड म्हणतांच सारा रस्ता डोळ्यांपुढें उभा राहतो. स्टेशनाच्या पूर्वेस कीं पश्चिमेस, एवढा एक शब्द राहिला तर बंबाला रेल्वेचा रूळ ओलांडण्यासाठीं लांबचा पूल गांठावा लागतो. घरांत बसविलेल्या टेलिफोनच्या काळीं क्रमांकावरून पत्ता शोधतां येई. खिशांतल्या फोनला घर नसतें; तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूंत आहे एवढेंच प्रथम कळे. ब्रिटनमध्यें २०१४ पासून, संकटाचा क्रमांक लावतांच फोननें आपलें ठिकाण आपण होऊन कळवावें अशी व्यवस्था प्रथम वापरांत आली व पुढें ती इतर देशांत पसरली. परंतु उपग्रहावरून ठरविलेलें ठिकाण नकाशावरचा बिंदु दाखवितें. वीस मजल्यांपैकीं मजला कोणता हें अद्यापि तोंडानेंच सांगावें लागतें.

वर्दी घेणाऱ्याचें काम ऐकण्यापुरतेंच आहे, ही कल्पनाहि आतां मागें पडली आहे. अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलाशीं संबंध असलेले डॉक्टर जेफ क्लॉसन यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वर्दी घेणाऱ्यांसाठीं प्रश्नांचीं व सूचनांचीं कार्डें तयार केलीं. श्वास बंद पडलेल्या माणसाजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकाला, गाडी पोंचेपर्यंत काय करावें हें टेलिफोनवरून पायरीपायरीनें सांगावयाचें, असा त्यांचा हेतु. अशा रीतीनें पहिली मदत गाडीच्या आधीं आवाजाच्या रूपानें पोंचूं लागली.

परंतु ज्या शब्दांत प्राण वांचविण्याचें सामर्थ्य आहे, ते चुकीचे ठरले तर घातहि करूं शकतात. १४ जून २०१७ च्या रात्रीं लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतींत चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरांत आग लागली. पहिली वर्दी रात्रीं १२ वाजून ५४ मिनिटांनीं आली. उंच इमारतींत आग एका घराच्या भिंतींत कोंडून राहते, म्हणून इतरांनीं आपापल्या घरांतच थांबावें, असा तेथील प्रघात होता, आणि कक्षांतील कर्मचारी टेलिफोनवरून रहिवाशांना तसेंच सांगत होते. त्या इमारतीला मात्र बाहेरून ज्वालाग्राही आवरण लावलेलें होतें आणि आग बाहेरून वर चढली. हा सल्ला जागेवर २ वाजून ४७ मिनिटांनीं बदलण्यांत आला. ७२ माणसें दगावलीं. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा पहिला अहवाल २०१९ सालीं निघाला. सल्ला पूर्वींच बदलावयास हवा होता, आणि नियंत्रण कक्ष व जागेवरील अधिकारी यांच्यामध्यें माहितीची देवाणघेवाण पुरेशी नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. २००९ सालीं लंडनमधीलच लॅकनल हाउस या इमारतीच्या आगीनें, ज्यांत सहा माणसें मेलीं, हाच धडा दिलेला होता. तो शिकला गेला नाहीं.

इमारत जळतांना बाहेर उभा असलेला अधिकारी ज्वाळा पाहत होता. आंत कोंडलेला मनुष्य धूर पाहत होता. आणि दोघांशीं ज्यांचा संबंध होता त्या कक्षांतील माणसांना यांपैकीं कांहींच दिसत नव्हतें. मुंबईंत व इतर शहरांत आतां उंच इमारतींची गर्दी झाली आहे. त्यांत आगीच्या वेळीं थांबण्यासाठीं मोकळे ठेवलेले आश्रय मजले असतात. परंतु थांबावें कीं उतरावें हा निर्णय एकदां करून सोडून देण्याजोगा नाहीं, हें या प्रसंगानें दाखविलें. नियम सांगणाऱ्याला प्रत्यक्ष परिस्थिति कळत राहिली पाहिजे, तरच नियम उपयोगी.

सर्व संकटांना मिळून एकच क्रमांक असावा कीं प्रत्येकाला निराळा, हा वाद सर्वत्र झालेला आहे. अमेरिकेंत ९११ ची पहिली हांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं आलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल या लहान गांवांत वाजली. भारतांत ११२ हा क्रमांक २०१८ पासून राज्याराज्यांतून लागूं करण्यांत आला व महाराष्ट्रांत तो २०२१ सालीं सुरू झाला. एक क्रमांक लक्षांत ठेवणें सोपें, हा त्याचा उघड लाभ. त्याची किंमत अशी कीं तेथें उत्तर देणाऱ्याला ती हांक पुनः अग्निशमन दलाकडे द्यावी लागते, आणि या दुसऱ्या हाताच्या देवाणघेवाणींत वेळ व शब्द दोन्ही गळण्याचा संभव असतो. जेथें एकानें लिहिलेली माहिती दुसऱ्याच्या पुढ्यांत त्याच क्षणीं उमटते तेथें हा तोटा थोडा. जेथें पहिल्यानें ऐकून दुसऱ्याला तोंडीं सांगावयाचें असतें तेथें तो मोठा. क्रमांक कोणताहि असो, गोदींतील त्या तबकडी नसलेल्या टेलिफोनप्रमाणें, मधली जोडणी कशी आहे यावर सारें अवलंबून राहतें.

या व्यवस्थेंत गृहस्थाकडे जें काम येतें तें लहान आहे, पण तें दुसऱ्या कोणाला करतां येण्याजोगें नाहीं. आपल्या इमारतीचा पूर्ण पत्ता, रस्त्याचें जुनें व नवें नांव, पूर्व कीं पश्चिम, आणि जवळची ठळक खूण, हें सर्व एका कागदावर लिहून दाराजवळ लावून ठेवावें. घरीं येणारा पाहुणा, कामाला येणारी बाई आणि वाचतां येऊं लागलेलें मूल या सर्वांना तें दाखवावें. आग दिसतांच प्रथम माणसें बाहेर काढावीं, व सुरक्षित जागीं येऊन वर्दी द्यावी. दुसऱ्या कोणी दिली असेल असें समजून गप्प बसूं नये. त्या दुपारीं गोदींत धूर पाहणारे लोक असेच गप्प राहिले. पत्ता आधीं सांगावा, विचारलें तेवढेंच उत्तर द्यावें, आणि पलीकडील माणसानें सांगेपर्यंत टेलिफोन ठेवूं नये. शक्य असल्यास एकानें रस्त्याच्या तोंडाशीं उभें राहून बंबाला वाट दाखवावी, आणि फाटकांतील मोटारी बाजूला काढवाव्या. स्फोटक, रसायन, गॅस यांपैकीं कांहीं आंत असेल तर तो शब्द न विचारतांहि सांगावा.

नियंत्रण कक्षांतील मनुष्य आगीपासून दूर, दिव्याखालीं खुर्चीवर बसलेला असतो. त्याला धूर लागत नाहीं, आंच लागत नाहीं. पण आंतल्या माणसाचा आवाज सर्वांत आधीं त्याच्या कानावर पडतो, आणि पुष्कळदां तो आवाज पुढें काय झाला हें त्याला दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतून कळतें. पुढची हांक वाजते तेव्हां त्यानें पुनः त्याच स्वरांत पहिला प्रश्न विचारावयाचा असतो: 'कोठें?' त्या एका प्रश्नाचें उत्तर शहरांतील प्रत्येक घरानें तयार ठेवावें, इतकीच त्याची अपेक्षा आहे.